स्लॅबमध्येही कागद म्हातारा होतो

आजच्या वर्तमानपत्राचा एक तुकडा गॅलरीत कडक उन्हात ठेवा आणि त्यावर रुपयाचं नाणं ठेवा. चार-पाच दिवसांनी नाणं उचला. भोवतीचा कागद पिवळट पडलेला असतो, नाण्याखालचा गोल मात्र जवळजवळ तसाच. लाखो डॉलरना विकल्या जाणाऱ्या जुन्या अमेरिकी कॉमिक्सची चिंता नेमकी हीच आहे, कारण तीही याच जातीच्या कागदावर छापलेली आहेत.

सुपरमॅन पहिल्यांदा दिसला तो ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक 1938 साली 10 सेंटला मिळायचा. वाचून रद्दीत टाकायच्या मालाला चांगला कागद कोण वापरणार? लाकूड दळून केलेल्या स्वस्त लगद्यात लिग्निन राहून जातं. झाडाला ताठ उभं ठेवणारं हे लिग्निन कागदाचं मात्र वैरी. प्रकाश आणि ऑक्सिजन लागला की ते तपकिरी पडतं आणि त्यातून आम्लं तयार होतात. कागदाचे तंतू ज्या सेल्युलोजचे बनलेले असतात, त्याच्या लांब साखळ्या ही आम्लं मधेच तोडतात. तुटताना आणखी आम्ल निघतं, म्हणजे एकदा सुरू झालेली मोडतोड आपणच वेग घेते. हवा कडेनं आत शिरते, म्हणून जुन्या अंकाच्या कडा आधी काळवंडतात. आमच्या घरातल्या वेताळाच्या इंद्रजाल अंकांचं तेच झालंय. पान कितीही हळू उलटलं तरी मांडीवर तपकिरी चुरा पडतो, आणि तो झटकताना जीव तुटतो.

हीच झीज मोजण्यासाठी अमेरिकेत 2000 साली सीजीसी ही कंपनी सुरू झाली. अंक तपासून त्याला 0.5 ते 10 मधली ग्रेड द्यायची आणि पारदर्शक, कडक प्लास्टिकच्या पेटीत तो बंद करायचा. ही पेटी म्हणजे स्लॅब. स्लॅब झाला की अंक अमर झाला, असा समज पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. ग्रेड हा तपासणीच्या दिवसाचा दाखला. स्लॅबमुळे हाताळणी थांबते, धूळ आणि कसर दूर राहते. पण स्लॅब हवाबंद नसतो, आणि आम्ल तर कागदाच्या आतच असतं. आम्ल शोषणारा खास कागद आत घालतात, त्याचीही शोषण्याची ताकद कधीतरी संपते.

मग कागद टिकतो कशानं? याचं उत्तर डेन्व्हरमधल्या एका घरात सापडलं. एडगर चर्च नावाच्या चित्रकारानं वर्षानुवर्षं जमवलेले 18,000हून अधिक अंक 1977 साली चक रोझान्स्की या विक्रेत्यानं विकत घेतले. त्यातल्या अनेकांची पानं चाळीस वर्षांनंतरही पांढरी होती, रंग ताजे होते. ना खास पिशव्या, ना पेट्या. नुसत्या घट्ट रचलेल्या थप्प्या! पण जागा अंधारी होती, आणि समुद्रसपाटीपासून 1,600 मीटर उंचीवरच्या त्या शहराची हवा कोरडी. थप्पीत दाबलेल्या पानांना वाराही फारसा लागला नाही. म्हणजे नाण्याखालचा गोलच तो, फक्त घराएवढा.

मुंबई-कोकणात हे सगळं उलटं असतं. जुलैतली दमट हवा कागद फुगवते, थंडीत तो आकसतो. त्यात पानं लाटांसारखी वाकतात आणि लोखंडी पिनांना गंज चढतो. म्हणून सापेक्ष आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांच्या आसपास राखणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आर्द्रतामापक दोन-चारशे रुपयांत मिळतो. तापमानाचा ढोबळ हिशेब असा, की ते साधारण 5 अंशांनी उतरलं की कागदाचं आयुष्य दुपटीच्या जवळ जातं. मात्र एसी दिवसा बंद, रात्री चालू अशी रोजची चढउतार नको. त्यापेक्षा थोडं गरम पण स्थिर बरं. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट आणि माळा, दोन्ही टाळा.

स्लॅब उभे ठेवा, फार घट्ट नको आणि सैलही नको. आडवी थप्पी लावली तर खालच्या पेट्यांवर भार येतो. आदळआपट झाली तर अंक आतल्या आत सरकून त्याच्या कडा दुखावतात. भिंतीवर टांगायचाच असेल तर मूळ अंक नको, छायाप्रत टांगा. ग्रेड न केलेल्या अंकांना पॉलिएस्टरच्या पारदर्शक प्लास्टिकची पिशवी आणि मागे आम्लरहित पुठ्ठा हवा. पीव्हीसीच्या पिशव्या कागदाला चिकटतात, त्या घेऊच नका.

दरवर्षी पाऊस सरला की प्रत्येक स्लॅब दिव्याखाली तिरका धरून मी आधी पिना बघतो. पिनेभोवती कागदावर नारिंगी छटा दिसली, की त्या कपाटातले सगळे अंक त्याच दिवशी दुसरीकडे हलवतो.