‘ओर्दू’: कागानच्या तळापासून उर्दूपर्यंत

उर्दू म्हणजे लष्कर, असे आपल्याला लहानपणापासून सांगितले जाते आणि त्यावरून ती शिपायांच्या छावणीत जन्मलेली बोली असल्याचे मानले जाते. मूळ तुर्की शब्दाचा माग काढला, तर हा समज टिकत नाही.

मंगोलियातील ओरखोन नदीच्या खोऱ्यात ७३२ साली उभारलेल्या, कुल तेगिन या तुर्क राजपुत्राच्या स्मारकशिळेवर ‘ओर्दू’ हा शब्द कोरलेला आहे. विल्हेल्म थॉमसेन या डॅनिश विद्वानाने १८९३ मध्ये या शिळेवरील प्राचीन तुर्की लिपीची उकल केली, म्हणून आज त्यावरचा हा प्रसंग वाचता येतो. ओगुझ या तुर्क टोळ्यांचे शत्रू सैन्य ओर्दूवर चालून आले, तेव्हा कुल तेगिनने पांढऱ्या घोड्यावरून नऊ जणांना भोसकले आणि ओर्दू हातचा जाऊ दिला नाही. तो नसता तर आई खातून म्हणजे राणी, इतर आया, बहिणी, सुना यांपैकी जगल्यावाचल्या त्या दासी झाल्या असत्या आणि मेलेल्या वाटेवर पडून राहिल्या असत्या, असे त्याचा भाऊ बिल्गे कागान (कागान म्हणजे तुर्कांचा सम्राट) पुढे सांगतो. ज्याच्या रक्षणासाठी हे सारे घडले, तो राजकुटुंबाचा निवासतळ होता. अकराव्या शतकातील कोशकार महमूद अल-काशगरी यानेही राजा राहतो ते नगर, असाच अर्थ दिला आहे.

मंगोल भाषेत ‘ओर्दोन’ म्हणजे आजही राजवाडा. कझाकस्तानातील किझिलओर्दा या शहराच्या नावात आणि अस्तानातील ‘अकओर्दा’ या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादाच्या नावातही तोच जुना अर्थ जिवंत आहे. तुर्कस्तानच्या तुर्कीत मात्र ‘ओर्दू’ म्हणजे सैन्य. पोलिश भाषेत त्याला आरंभी ‘ह’ जोडला गेला आणि त्या वाटेने पश्चिम युरोपात गेलेल्या ‘होर्ड’ला झुंडीचा अर्थ चिकटला. ज्यांच्यावर स्वाऱ्या झाल्या त्यांनी तो शब्द असाच ऐकला असणार.

हिंदुस्थानात मोगलांमुळे हा शब्द रुळला. बादशहा मुक्कामाला असे तेथे पाडलेल्या अकबराच्या नाण्यांवर टांकसाळीचे नाव म्हणून ‘उर्दू’ येतो. पुढे शाहजहानाबाद हे दिल्लीतील राजनगर ‘उर्दू-ए-मुअल्ला’ म्हणजे थोर राजनिवास म्हणून ओळखले जाऊ लागले आणि तिथल्या भाषेला ‘जबान-ए-उर्दू-ए-मुअल्ला’ म्हणू लागले. तोवर हिंदवी, हिंदी, रेख्ता या नावांनी चालत आलेल्या त्या भाषेला नुसते ‘उर्दू’ म्हणण्याचा प्रघात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पडला. दख्खनमध्ये तिचीच बहीण दखनी तोपर्यंत काही शतके साहित्यात नांदत होती.