अंतराळातली लढाई: तोफेच्या आधी इंधनाचा हिशोब

सायन्स फिक्शनमधल्या अंतराळ लढाया बघितल्या तर त्यातली बहुतेक यानं विमानांसारखीच उडतात, वळताना झुकतात, पाठलाग करतात, स्फोट झाला की धडाम आवाज येतो. हवाच नाही तर झुकणार कशावर आणि आवाज येणार कुठून? खऱ्या गणिताची सुरुवात १९०३ साली झाली, त्सिओल्कोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने रॉकेटचं समीकरण छापलं तेव्हा. मागे फेकलेल्या वायूच्या वेगाइतका वेग यानाला द्यायचा तर निघतानाच्या वजनातलं ६३ टक्के इंधनच लागतं, त्याच्या दुप्पट वेग हवा तर ८६ टक्के. म्हणजे तोफ, गोळे, चिलखत जे काय चढवाल तेवढी यानाची धाव कमी.

आपल्या गोव्यातल्या वाचकांना हे पटकन पटावं, कारण इथला चारशे वर्षांपूर्वीचा इतिहास असाच आहे. लिस्बनहून पोर्तुगीज जहाजं मार्च-एप्रिलात निघायची आणि सप्टेंबरच्या आसपास गोव्याला लागायची, वारा चुकला की मोझांबिकला अडकून पुढच्या मोसमाची वाट बघत बसायची. १६१२ साली आग्वाद किल्ला बांधला, त्यातल्या तोफा सगळे बघतात पण तिथलं गोडं पाणी आणि ते साठवायची ती भलीमोठी टाकी जहाजांसाठी तितकीच मोलाची होती. आणि १६३० च्या दशकाच्या शेवटी डच आले तेव्हा त्यांनी शहरावर चाल करण्यापेक्षा पाऊस सरला की मांडवीच्या तोंडाशी आरमार आणून उभं करायचं असा सपाटा लावला, जहाजं कधी येणार-जाणार हे त्यांना ठाऊकच होतं ना.

मंगळाचंही तसंच. कमी इंधनात जायची संधी साधारण २६ महिन्यांनी येते आणि प्रवास आठ-नऊ महिन्यांचा, त्यामुळे शत्रू कधी निघणार हे कॅलेंडर बघूनच कळतं. लपायचीही सोय नाही, इंजिन पेटलं की त्याची उष्णता थंडगार आकाशात लांबून दिसते.

प्रत्यक्ष अंतराळात तोफ नेली ती सोव्हिएत युनियनने. १९७४ साली गेलेलं सॅल्युत ३ हे अंतराळ स्थानक खरं तर अल्माझ नावाचं लष्करी स्टेशन, आणि त्याच्या पोटाखाली विमानातल्या तोफेवरून बनवलेली एक तोफ बसवली होती. ती घट्ट बसवलेली, फिरायची नाही, नेम धरायचा तर अख्खं स्टेशन वळवायचं. शिवाय झाडली की मागे धक्का बसणार आणि स्टेशनची कक्षा हलणार, म्हणून तो धक्का भरून काढायला इंजिनं चालवायची. जानेवारी १९७५ मध्ये, आत कोणी माणूस नसताना, जमिनीवरून कमांड देऊन ती झाडली. मला हा प्रसंग कुठल्याही कल्पित लढाईपेक्षा भारी वाटतो, कारण एका तोफेपायी सगळ्या यानाला किती कसरत करावी लागते ते यात उघड दिसतं.

लेझरची स्वप्नं १९८३ नंतर फोफावली, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी शत्रूची क्षेपणास्त्रं वाटेतच पाडायची योजना जाहीर केली त्यामुळे. पण लेझरचा किरणही पसरतो, एक मीटरचा आरसा आणि एक मायक्रॉनची (मीटरच्या दहा लाखाव्या भागाची) तरंगलांबी धरली तर हजार किलोमीटरवर ठिपका दोन मीटरच्या वर जातो. त्यात तयार होणारी उष्णता घालवायला ना हवा ना पाणी, फक्त मोठमोठे रेडिएटर, आणि शत्रूला नेम धरायला तेच सगळ्यात सोपे.

मग साधा धातूचा तुकडाच बरा. सेकंदाला तीन किलोमीटर वेगाने आदळला तर एका किलोमध्ये साधारण एक किलो टीएनटी या स्फोटकाइतकी ऊर्जा असते, त्यात स्फोटकं भरायची गरजच नाही. पण फुटलेले तुकडे कुणाचे हे बघत नाहीत. चीनने २००७ मध्ये सुमारे ८६५ किलोमीटर उंचीवर स्वतःचाच जुना उपग्रह फोडला, त्याचे तीन हजारांवर तुकडे नोंदले गेले आणि त्यातले कितीतरी अजून फिरतायत. भारताने २७ मार्च २०१९ ला मिशन शक्ती या उपग्रह पाडायच्या चाचणीसाठी तीनशे किलोमीटरच्या आसपासचं लक्ष्य निवडलं ते याचसाठी, तिथे विरळ का होईना हवा असते आणि बरेचसे तुकडे लवकर खाली येऊन जळतात.