‘तिला दुखत नाही’ : मुलांच्या संधिवाताला होणाऱ्या उशिराची पार्श्वभूमी

माझी भाची नऊ वर्षांची असताना तिने जिना उतरायची पद्धत बदलली. तिला डाऊन सिंड्रोम आहे. पंचवटीत त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर. कठडा धरून, मोठ्याने पायऱ्या मोजत उतरणारी पोर एकाएकी बसून सरकत उतरायला लागली. मग शाळेत डबा उघडायला बाईंच्या हातात द्यायला लागली. मग आरतीला टाळ्या वाजवणं थांबलं. दोन्ही हात पोटाशी धरून नुसती उभी राहायची. ‘दुखतंय का गं?’ विचारलं की मानेनेच ‘नाही’ म्हणायची. तिला नीट न कळलेल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर ती ‘नाही’ असंच देते, हे आमच्या फार उशिरा लक्षात आलं.

तिच्या मनगटावर काळा दोरा होता. तो रुतायला लागला तेव्हा ताईने तो कापून सैल बांधला. पोरगी अंगाने भरतेय, असंच आम्हाला वाटलं. तो दोरा सुजलेल्या सांध्यावर रुतत होता.

कारणं मात्र सगळ्यांकडे तयार होती. निफाडचा पारा उतरला की अख्खा नाशिक जिल्हा सकाळी आखडलेला उठतो, म्हणून थंडी. 2006 मध्ये महाराष्ट्रात चिकनगुन्याची मोठी साथ येऊन गेल्यापासून सांधे धरले की आधी तेच नाव तोंडात येतं, म्हणून चिकनगुन्या. शाळेचं म्हणणं, हट्टी झालीय. आणि दवाखान्यात सांगितलं गेलं, ‘डाऊनच्या मुलांचे सांधे असेच असतात.’ निदान व्हायला चौदा महिने गेले: मनगटं, बोटं आणि गुडघ्यांचा संधिवात. हे चौदा महिने कुठून आले याचा माग काढताना कळलं की त्यामागे फार जुन्या समजुती आहेत.

पहिली समजूत, संधिवात हा म्हातारपणाचा आजार. आमवाताचं स्वतंत्र वर्णन माधवनिदानात आहे आणि तो शब्द आजही घरोघरी बोलला जातो, पण आपल्या डोळ्यांपुढे येते ती गुडघ्यावर हात ठेवून उठणारी आजी. मुलांच्या संधिवाताकडे आधुनिक वैद्यकानेही उशिराच नीट पाहिलं. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट इथल्या मुलांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या तरुण डॉक्टरने 22 मुलांच्या नोंदींवरून निबंध लिहिला, तो 1897 मध्ये छापून आला. त्यातल्या काही मुलांना सांध्यांच्या सुजेबरोबर ताप होता, प्लीहा आणि मान-काखेतल्या लसिका गाठी वाढलेल्या होत्या. मुलांचा हा आजार मोठ्यांच्या संधिवाताची छोटी आवृत्ती नाही, वेगळा आहे, हे त्याने दाखवून दिलं. पुढे त्याची नावं आणि वर्गीकरणं बदलत गेली. आजची व्याख्या साधी आहे: सोळाव्या वर्षाच्या आत सुरू झालेला, किमान सहा आठवडे टिकलेला आणि दुसरं कारण न सापडलेला सांधेदाह.

दुसरी समजूत जास्त क्रूर होती. लहान मुलांना, विशेषतः तान्ह्यांना, वेदना नीट जाणवत नाहीत असं डॉक्टरच मानत होते. 1980 च्या दशकापर्यंत नवजात बाळांच्या शस्त्रक्रिया नाममात्र भूल देऊन होत असत. कन्वलजीत सिंग आनंद या भारतीय वंशाच्या डॉक्टरने इंग्लंडमध्ये काम करताना दाखवलं की पुरेसं वेदनाशामक मिळालं नाही तर बाळाचं शरीर या ताणाने हादरून जातं. ते संशोधन 1987 मध्ये प्रसिद्ध झालं. मला हे वाचून वाईट वाटलं ते यासाठी की माझ्या शाळकरी वयात हे घडत होतं. ही फार जुनी गोष्ट नाही.

बोलू न शकणाऱ्या मुलांची पाळी त्याहून उशिरा आली. ‘सांग, दहापैकी किती दुखतंय?’ हा प्रश्न ज्यांच्या कामाचाच नाही, त्यांच्यासाठी चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत काढल्यावर शांत होणं यांवरून गुण देणारी ‘फ्लॅक’ ही मोजणी 1997 मध्ये आली. तीसुद्धा आधी शस्त्रक्रियेनंतरच्या लहान मुलांसाठी होती. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी तिची सुधारित आवृत्ती नंतर निघाली. तिच्यात एक फार शहाणपणाची सोय आहे: मूल दुखताना नेमकं काय करतं ते आईवडिलांना विचारून त्यात लिहून घ्यायचं. कुणी दात खातं, कुणी श्वास रोखतं, कुणी अगदीच गप्प होतं. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली तेव्हा सोबतच्या टिपांमध्ये स्पष्ट लिहिलं की वेदना सांगता न येणं म्हणजे वेदना नसणं नव्हे.

आता डाऊन सिंड्रोमकडे येते, कारण आमची गाठ इथे पडली. जॉन लँगडन डाऊनने या मुलांचं वर्णन 1866 मध्ये केलं. एकविसावं गुणसूत्र जास्तीचं असल्याने हे होतं, हे 1959 मध्ये पॅरिसच्या जेरोम लेजून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. हृदय, थायरॉईड, कान, डोळे सगळं तपासलं जाऊ लागलं. सांध्यांबद्दल लिहिलं गेलं ते मुख्यतः सैलपणाबद्दल. 1984 मध्ये फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी डाऊन असलेल्या सात रुग्णांमधल्या सांध्यांच्या आजारावर निबंध लिहिला. त्या चमूत बालसंधिवाताच्या क्षेत्रातलं मोठं नाव असलेले, मूळचे भारतातले बालू अत्रेय होते. 2009 मधल्या एका निबंधाच्या शीर्षकातच हा आजार ओळखला जात नाही आणि त्याचं निदान कमी होतं, असं म्हटलेलं होतं. म्हणजे पंचवीस वर्षांनीही तक्रार तीच.

मग आयर्लंडमधल्या डॉक्टरांनी वाट पाहणं सोडलं. त्यांनी डाऊन असलेल्या पाचशेहून अधिक मुलांचे सांधे स्वतः तपासले. 2019 मध्ये छापून आलेल्या त्यांच्या कामानुसार हजारात सुमारे वीस मुलांना संधिवात होता. इतर मुलांमध्ये हे प्रमाण हजारी एकाच्या आसपास धरलं जातं. त्यांनी नाव बदलायचाही आग्रह धरला. ‘आर्थ्रोपॅथी’ या जुन्या नावातून ‘सांध्याचा काहीतरी बिघाड’ एवढाच बोध व्हायचा. हा दाह आहे, त्याने सांधा झिजतो आणि त्यावर औषध आहे, हे नावातूनच कळावं असं त्यांचं म्हणणं. मला हे पटतं. ‘बिघाड’ म्हटलं की माणसं सवयीची होतात, ‘दाह’ म्हटलं की विझवायला धावतात.

हा आजार का निसटतो, ते मला मुंबईत कळलं. नाशिकहून पंचवटी एक्सप्रेसने आम्ही तिला तिथे दाखवायला नेलं होतं. डॉक्टरांनी तिचं मनगट हलकेच मागे वाकवलं आणि कोन मोजला. तो सर्वसाधारण मुलांइतका होता. मी हुश्श केलं. त्यांनी ताईला विचारलं, ‘आधी किती वाकायचं?’ ताईने आपलाच तळहात जवळजवळ कोपराकडे लववून दाखवला. डॉक्टर म्हणाले, ‘मग हे नॉर्मल नाही. हिच्यासाठी हे आखडलेलं आहे.’ सैल सांध्यांच्या मुलात आखडलेला सांधा चारचौघांसारखा दिसतो. त्यात हा आजार बहुधा बोटांच्या आणि मनगटाच्या लहान सांध्यांत, दोन्ही बाजूंना सारखा होतो, त्यामुळे हाताशी हात ताडून पाहिला तरी फरक दिसत नाही. आणि शरीरातला दाह दाखवणारे रक्ताचे ईएसआर, सीआरपीसारखे रिपोर्ट अनेकदा चांगले येतात. आमचेही आले होते, आणि तेवढ्यावर आम्ही पाच महिने निर्धास्त होतो.

आधीचं मोठं निदान पुढच्या प्रत्येक तक्रारीवर सावली धरतं, याला इंग्रजी वैद्यकात 1982 पासून ‘डायग्नॉस्टिक ओव्हरशॅडोइंग’ अशी स्वतंत्र संज्ञा आहे. ती आली मानसोपचाराच्या संदर्भात, पण लागू सगळीकडे पडते. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असलेलं मूल कपडे बदलताना किंचाळलं की ‘स्नायू ताठ आहेत’ म्हणून सोडून देतात. प्रत्यक्षात अशा मुलांपैकी साधारण तिघांत एकाचा खुबा जागेवरून सरकू लागलेला असतो. स्वीडनने 1994 पासून ठरावीक काळाने या मुलांचे एक्स-रे काढायला सुरुवात केली आणि खुबे निखळण्याचं प्रमाण खूप खाली आणलं. सुरगाणा, पेठकडच्या आदिवासी पाड्यांवर बाळाचे हातपाय सुजले तर सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आठवायला हवा, आणि हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठणाऱ्या, मुलात सांध्यात होणारा रक्तस्राव. या मुलांत फक्त चोळून, शेकून वेळ काढला तर नुकसान होतं.

आपल्याकडे मुलांच्या तपासणीची एक चांगली योजना आहे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. तिची सुरुवातच 2013 मध्ये महाराष्ट्रातून, पालघरहून झाली. अंगणवाडीत आणि शाळेत पथक येतं. तिने ठरवलेल्या तीस आजारांत डाऊन सिंड्रोम आहे, जन्मजात सरकलेला खुबा आहे, वाकडी पावलं आहेत, संधिवाताच्या तापाने होणारा हृदयविकार आहे. मुलांचा संधिवात त्या यादीत नव्हता. पथक आलं, त्यांनी भाचीचे डोळे पाहिले, वजन केलं, आणि ते चांगलंच केलं. हात पाहायला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

पाहणं फार अवघड नाही. इंग्लंडमध्ये 2006 मध्ये शाळकरी मुलांसाठी काही मिनिटांत होणारी सांध्यांची तपासणी तयार झाली: टाचांवर चाल, मूठ घट्ट वळ, तळहात जोडून नमस्कार कर, तोंड मोठं उघडून आपलीच तीन बोटं आत घाल. आमच्या घरात नमस्काराने जे दिसलं असतं ते इतर कशाने दिसलं नसतं. ती नमस्कार करायची तेव्हा तळहात जुळेनासे झाले होते, नुसती बोटांची टोकं टेकत होती. सकाळी उठल्यावर किती वेळ अवघडलेली असते आणि येत असलेलं काय करेनासं झालंय, हे डॉक्टरांना सांगितलं तर त्यांचं निम्मं काम होतं. डाऊनच्या मुलाची मान मात्र घरी वाकवून पाहू नये; तिथले मणके अस्थिर असू शकतात.

दोन गोष्टींना वेळ लावायचा नाही. ताप आणि एकच सांधा लाल, गरम, हात लावू न देणारा असेल तर त्याच दिवशी रुग्णालय, कारण सांध्यात पू झाला तर सांधा वाचवायला फार वेळ नसतो. आणि हाडं दुखणं, वजन घटणं, फिकेपणा, रात्री दुखून जाग येणं असं असेल तर आधी रक्ताचा कर्करोग नाही ना ते पाहायचं. डाऊनच्या मुलांत त्याचा धोका जास्त असतो, आणि तपासणीआधी स्टेरॉईड दिलं तर तो झाकला जातो.

भाचीला संधिवातावर मेथोट्रेक्सेट हे औषध सुरू आहे. त्याचा मुलांमधला उपयोग 1992 मधल्या चाचणीने सिद्ध झाला. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही. ताईने कॅलेंडरवर प्रत्येक रविवारी लाल गोल करून ठेवलाय. डाऊनच्या मुलांना ते सोसायला जरा जड जातं, भाचीला दुसऱ्या दिवशी मळमळतं. डोळ्यांची स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळ्याचा आतला भाग मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, तपासणीही ठरल्या वेळी होते, कारण मुलांच्या संधिवातात डोळा आतून, न दुखता, न लाल होता सुजू शकतो.

तिच्या उजव्या मनगटाची हालचाल पूर्ण परत आलेली नाही, आणि येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. ताई दर महिन्याच्या पहिल्या तारखेला जिन्याच्या खाली फोन धरून उभी राहते आणि तिचा उतरतानाचा व्हिडिओ घेते. मागच्या वेळी ती कठडा धरून उभ्याने उतरली. सोळा पायऱ्या होत्या; तिने अठरा मोजल्या.