प्रवाळ-मत्स्यालयातील जलपरीक्षण

खाऱ्या पाण्याच्या घरगुती टाकीत जिवंत प्रवाळ वाढवताना पाण्याची लवणता, अल्कता (आम्ल शोषून घेण्याची पाण्याची क्षमता; ती मुख्यतः बायकार्बोनेट व कार्बोनेट यांमुळे येते), पीएच मूल्य, कॅल्शियम, मॅग्नेशियम, नायट्रेट व फॉस्फेट ठरावीक अंतराने मोजून नोंदवण्याची पद्धत. अशा टाकीला हौशी मंडळी ‘रीफ टँक’ म्हणतात. नुसते मासे असलेल्या टाकीत तापमान, लवणता आणि माशांच्या उत्सर्गातून येणारी नायट्रोजन संयुगे यांवर लक्ष ठेवले तरी बहुधा भागते. दगडी प्रवाळ मात्र पाण्यातून कॅल्शियम व कार्बोनेट घेऊन अ‍ॅरागोनाइटाचा (कॅल्शियम कार्बोनेटाच्या एका स्फटिकरूपाचा) सांगाडा बांधतात, त्यामुळे पाण्याचे रासायनिक संघटन रोज बदलत जाते. हा बदल डोळ्यांना दिसत नाही. प्रवाळाचा रंग उतरतो किंवा ऊतक सांगाड्यापासून सुटू लागते तोवर बरेच दिवस गेलेले असतात.

खुल्या समुद्रातील प्रमुख आयनांचे परस्परांशी असलेले प्रमाण जवळजवळ स्थिर असते, हे तत्त्व अलेक्झांडर मार्सेट यांनी १८१९ मध्ये सुचवले. चॅलेंजर या ब्रिटिश सागरसंशोधन मोहिमेत (१८७२–७६) गोळा केलेल्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण करून विल्यम डिटमार यांनी १८८४ मध्ये त्याला भक्कम आधार दिला. म्हणून सागरवैज्ञानिकाला लवणतेवरून बाकीच्या प्रमुख घटकांचा अंदाज बांधता येतो. शेदोनशे लिटरच्या बंद टाकीत ही सोय नाही. तेथे लवणता अचूक ३५ (हजार भाग पाण्यात ३५ भाग क्षार) असूनही अल्कता निम्म्यावर आलेली असू शकते. नियमित परीक्षणाची गरज मुळात येथून निर्माण होते.

उगम : मत्स्यालयाचा छंद १८५० च्या दशकात इंग्लंडमध्ये रुजला आणि फिलिप हेन्री गॉस यांनी कृत्रिम सागरजलाची कृतीही त्याच दशकात प्रसिद्ध केली. प्रवाळ टिकवण्याचे तंत्र त्यानंतर सुमारे शतकभराने आले. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी जिवंत खडक (सूक्ष्मजीवांनी वसलेले समुद्रातील सच्छिद्र खडक), समुद्राचे पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ ठेवले. त्यांची पद्धत १९६१ मध्ये अमेरिकी वाचकांपर्यंत पोहोचली. आधुनिक प्रवाळ-मत्स्यालयाचा आरंभ अनेकदा येथूनच मानला जातो. जलपरीक्षणाची प्रथा मात्र त्यांच्यापासून सुरू झाली असे म्हणणे कठीण आहे. समुद्र हाताशी असताना आणि पाणी सहज बदलता येत असताना अल्कता मोजण्याचे निकडीचे कारण नव्हते. परीक्षणाचा धागा समुद्रापासून दूर असलेल्या मध्य युरोपीय हौशी मंडळींकडे, विशेषतः साधारण १९७० च्या दशकापासून चुन्याच्या निवळीचा पुरस्कार करणारे पेटर विल्केन्स आणि पुढे बर्लिन पद्धत (जिवंत खडक व फेसावाटे मळ काढणारे यंत्र यांवर टाकी चालवण्याची रीत) म्हणून ओळखल्या गेलेल्या परंपरेकडे जातो, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. एककही त्याच बाजूने साक्ष देते. जगभर अल्कता आजही जर्मन कार्बोनेट काठिण्याच्या अंशांत, म्हणजे डीकेएचमध्ये सांगितली जाते. एक जर्मन अंश म्हणजे लिटरमागे १० मिग्रॅ. कॅल्शियम ऑक्साइडाइतके काठिण्य (१७.८५ मिग्रॅ. कॅल्शियम कार्बोनेट). गोड्या पाण्याच्या टाक्यांसाठी वापरात असलेले माप असे खाऱ्या पाण्याला लागू झाले.

अल्कता व कॅल्शियम : सांगाडा बांधताना एक कॅल्शियम आयन आणि दोन बायकार्बोनेट आयनांइतकी अल्कता खर्ची पडते. अल्कता २.८ डीकेएचने उतरते, म्हणजे लिटरमागे १ मिलिइक्विव्हॅलेंटने घटते, तेव्हा कॅल्शियम लिटरमागे फक्त २० मिग्रॅ.ने कमी होते. समुद्रात कॅल्शियम सुमारे ४१०–४२० मिग्रॅ. आणि अल्कता सुमारे ७ डीकेएच असते. म्हणजे तीच घट अल्कतेच्या साठ्याचा चाळीस टक्के भाग संपवते, तर कॅल्शियमच्या साठ्याला जेमतेम पाच टक्के चिमटा काढते. घरगुती चाचणी-संचांतील कॅल्शियमचे अनुमापन (रंग बदलेपर्यंत थेंब मोजून घालण्याची चाचणी) बहुधा १०–२० मिग्रॅ.च्या टप्प्यांनी वाचले जात असल्याने एवढा फरक त्यात हरवूनही जातो. प्रवाळांचा रोजचा खप अल्कतेतच आधी आणि स्पष्ट दिसतो. एखाद्याला एकच चाचणी सवयीची करायची असेल तर ती अल्कतेची असावी.

आकड्याहून उतार महत्त्वाचा. सोमवारी ८.४ आणि गुरुवारी ७.५ या दोन नोंदींवरून रोज ०.३ डीकेएच खप निघतो आणि भरपाईची मात्रा ठरवता येते; एकट्या ७.५ वरून काहीच ठरत नाही. म्हणून परीक्षण ठरावीक वेळी, शक्यतो भरपाईचे द्रावण घालण्याआधी करतात. बहुतेक जण ७ ते ९ डीकेएच राखतात, काही त्याहून वर जातात. पोषकद्रव्ये फार कमी असलेल्या टाकीत जास्त अल्कतेमुळे फांद्यांची टोके जळाल्यासारखी पांढरी पडतात, असे निरीक्षण अनेकांनी नोंदवले आहे. त्याच्या कारणमीमांसेवर एकमत नाही. चढवताना दिवसाला १ डीकेएचहून मोठी उडी टाळणे सुरक्षित.

अल्कता व कॅल्शियम भरूनही चढत नसतील तर मॅग्नेशियम पाहावे. समुद्रात ते लिटरमागे सुमारे १,२८०–१,३०० मिग्रॅ. असते आणि कॅल्शियम कार्बोनेटाचे स्फटिक वाढण्यास अटकाव करते. ते घसरले की घातलेला चुना हीटर व पंपावर खडूसारखा बसतो.

पोषकद्रव्ये : नायट्रेटच्या बहुतेक संचांत आधी जस्ताच्या पुडीने नायट्रेटचे नायट्राइट करतात आणि मग ग्रीस अभिक्रियेने येणारा गुलाबी रंग पाहतात. त्यामुळे पाण्यात मुळातच नायट्राइट असेल, जसे नव्या टाकीत असते, तर नायट्रेट अवास्तव जास्त दिसते. नायट्राइटचे ऑक्सिडीकरण नायट्रोबॅक्टर जीवाणू करतात, हा जुन्या पुस्तकांतील पाठ १९९० च्या दशकात हॉवनेक व सहकाऱ्यांच्या कामाने डळमळला. त्यांना गोड्या पाण्याच्या मत्स्यालयांत ही भूमिका नायट्रोस्पायरा हे वेगळे जीवाणू बजावताना आढळले. समुद्रजलातील विपुल क्लोराइडमुळे माशांना नायट्राइटची बाधा कमी होते, म्हणून जुन्या टाकीत ही चाचणी सहसा सोडून दिली जाते.

फॉस्फेट मॉलिब्डेनम-नील पद्धतीने मोजतात. मर्फी व रायली यांनी १९६२ मध्ये तिला दिलेले रूप आजही पायाभूत आहे. काही डिजिटल वर्णमापक फॉस्फेटऐवजी फॉस्फरस दाखवतात. त्या आकड्याला ३.०६६ ने गुणल्याशिवाय तुलना करू नये.

नायट्रेट व फॉस्फेटचे परस्पर प्रमाण राखण्याविषयी बरेच लिहिले गेले आहे. त्याचा आधार आल्फ्रेड रेडफील्ड यांनी १९३४ मध्ये मांडलेल्या निरीक्षणात आहे. पुढे त्याला कार्बन, नायट्रोजन व फॉस्फरस यांच्या अणूंचे १०६ : १६ : १ असे रूप मिळाले, वजनाने नायट्रेट व फॉस्फेट सुमारे १० : १ पडतात. हे गुणोत्तर प्लवकांच्या संघटनाचे आहे. टाकीतील पाणी त्यावर बसवण्याचा आग्रह त्यातून निघत नाही. दोन्ही घटक शून्यावर न जाऊ देणे अधिक मोलाचे दिसते. पूर्ण ‘स्वच्छ’ टाकीत डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय सूक्ष्मजीवांचा तपकिरी चिकट थर माजल्याचे अनुभव पुष्कळ आहेत.

लवणता व पीएच : लवणतेचे मापन सोपे वाटते आणि तेथेच सर्वाधिक फसगत होते. हायड्रोमीटरच्या (पाण्याच्या घनतेवरून लवणता दाखवणाऱ्या साधनाच्या) काट्याला चिकटलेला बुडबुडा वाचन वर नेतो. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून लवणता दाखवणारे साधन) शुद्ध पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून ३५ वर बरोबर असेलच असे नाही. त्याचे अंशांकन ३५ लवणतेच्या प्रमाण द्रावणाने करावे. लवणता चुकली की कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारख्या प्रमुख घटकांचे आकडेही तिच्यासोबत सरकतात. पीएच दिवसा प्रकाशसंश्लेषणामुळे चढते व पहाटे तळ गाठते. दारे-खिडक्या बंद ठेवून एसी चालवलेल्या खोलीत कार्बन डाय-ऑक्साइड साचून ते दिवसभरही खालीच राहते, तेव्हा रसायन ओतण्याआधी खिडकी उघडून पाहावी.

परीक्षणाची शिस्त : परीक्षानळी टाकीच्याच पाण्याने दोनदा विसळणे, पाण्याच्या वक्र पृष्ठाचा तळ डोळ्यांच्या रेषेत वाचणे, थेंबाची बाटली उभी धरणे आणि बाटलीवर उघडल्याची तारीख लिहिणे या सवयींनी बहुतेक चुका टळतात. कोकणात पावसाळ्यात चूर्णरूप विक्रियाकारक ओल धरतात, त्यांना हवाबंद डब्यात ठेवावे. अनपेक्षित आकडा आला तर चाचणी पुन्हा करावी, शक्य तर दुसऱ्या संचाने, आणि मगच मात्रा बदलावी. गेल्या दशकभरात प्रयोगशाळेत नमुना पाठवून प्लाझ्मा वर्णपटमितीने तीसहून अधिक मूलद्रव्ये तपासून घेण्याची सोय झाली. तांबे, जस्त यांसारख्या धातूंचा शोध घेण्यास ती उत्तम. अल्कता मात्र त्या उपकरणाने मोजता येत नाही.

भारतात दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. मालवणच्या किंवा इतर कोणत्याही किनाऱ्यावरून ते काढणे गुन्हा ठरतो. किनाऱ्यावरून भरून आणलेले पाणी वापरायचे तर पावसाळ्यात खाडीच्या मुखाजवळची घटलेली लवणता लक्षात घ्यावी लागते. बाष्पीभवनाची भरपाई नळाच्या किंवा बोअरवेलच्या पाण्याने करू नये. ती आरओ (व्युत्क्रमी परासरण) व डीआय (आयन काढून टाकणारी राळ) गाळणीतून आलेल्या पाण्यानेच करतात आणि गाळणीची राळ कधी बदलायची हे टीडीएस मीटर (विरघळलेले एकूण क्षार मोजणारे साधन) शून्यापासून हलू लागला की ठरवतात.