‘तांबेरा प्रतिकारक’ म्हणजे नेमका कशाला?

गव्हाचा वाण ‘तांबेरा प्रतिकारक’ आहे म्हणतात, तेव्हा अर्धंच सांगितलेलं असतं. तांबेरा हा बुरशीमुळे होणारा रोग; तो काळा, नारिंगी की पिवळा? आणि त्यातलाही बुरशीचा कोणता प्रकार? बुरशीचे असे वेगवेगळे प्रकार ओळखण्यासाठी १९२२ साली अमेरिकेत बारा गव्हांचा संच ठरला. कोणत्या गव्हावर पुटकुळ्या येतात त्यावरून प्रकार ठरवायचा. त्या बारांत एक होता आपला खपली गहू.

१९४०च्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावर काम करताना कोडं उलगडलं: झाडातल्या प्रत्येक प्रतिकारक जनुकाला बुरशीत एक जोडीदार जनुक असतो. बुरशीने तो बदलला की झाडाला तिची ओळख पटत नाही. हे कळल्यानंतरही पैदासकार एकेकट्या ठळक जनुकावरच विसंबत राहिले, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथेच झाला. मोह समजण्यासारखा आहे. संकर करायला सोपं, पान स्वच्छ, शेतकरी खूश. पण कल्याण सोना हा वाण देशभर पसरला आणि सत्तरच्या दशकात नारिंगी तांबेऱ्याला बळी पडला. राय या धान्यातून गव्हात आणलेला एसआर ३१ हा प्रतिकारक जनुक जगभरच्या वाणांत गेला आणि युगांडातल्या काळ्या तांबेऱ्याने तो निकामी केला. हा प्रकार १९९८मध्ये पहिल्यांदा दिसला. तांबेरा येऊ देणारा, पण सावकाश वाढू देणारा गहू बरा, असं म्हणणारेही होते. मात्र पानावर चार पुटकुळ्या दिसणारा वाण खपवायचा कसा?

आत काय घडतं ते अलीकडेच दिसलं. बुरशीच्या पेशीभिंतीतलं कायटिन हे द्रव्य गव्हाच्या पेशीच्या बाहेरच ओळखलं जातं. बुरशीने ही पहिली चौकी चुकवून पेशीत प्रथिनं सोडली, तर आतले पहारेकरी जागे होतात. एसआर ३५ हा त्यातलाच. २०२२मध्ये त्याची रचना समजली: बुरशीचं प्रथिन सापडताच पाच रेणू एकत्र येऊन कॅल्शियमची वाट उघडतात. मग ती पेशी स्वतःच मरते. तांबेऱ्याची बुरशी जिवंत पेशीवरच जगते, त्यामुळे तिची तिथेच उपासमार होते. तांबेरा सावकाश वाढू देणाऱ्या जनुकांपैकी एलआर ३४ मात्र पहारेकरी नाहीच. तो पदार्थांची ने-आण करणारा निघाला.

खपलीत असलेला एसआर १३ युगांडाच्या प्रकाराला अडवतो. त्याचा नेमका जनुक २०१७मध्ये हाती लागला. इथिओपियात मात्र त्यालाही चुकवणारा काळा तांबेरा आहे.