घोड्याची गादी

तबेल्यात किंवा पागेत घोड्याच्या पायाखाली पसरलेले पेंढा, लाकडाचा भुसा किंवा भाताचे तूस यांचे अंथरूण. ठाणे–नवी मुंबई पट्ट्यात तबेला म्हटले की म्हशी डोळ्यांपुढे येतात. घोडे मोजके, तेही वरातीचे, फेरफटक्याचे किंवा घोडेस्वारी शिकवण्यासाठी ठेवलेले. म्हशींच्या गोठ्यात पाण्याचा पाइप फिरवला की बरेचसे काम उरकते. घोड्याच्या बाबतीत तोच पाइप निम्म्या दुखण्यांचे मूळ ठरतो.

घोडा उभ्याने डुलक्या काढतो हे सर्वांना ठाऊक असते. झोपेचा सर्वांत गाढ टप्पा मात्र त्याला आडवे झाल्याशिवाय मिळत नाही, आणि तो रोज अर्धा-पाऊण तास तरी लागतो. जमीन ओली किंवा टणक असली की काही घोडे आडवे व्हायचेच टाळतात. मग कधीतरी उभ्या उभ्या पेंगताना पुढचे पाय दुमडतात आणि सांध्यांवर खरचटते. अशा जखमा दिसल्या की मलम शोधण्याआधी गादीत हात घालून बघावा.

साधारण ४५० किलोंचा घोडा दिवसाला १५ ते २० किलो लीद आणि ५ ते १० लिटर मूत्र टाकतो. लीद डोळ्यांना दिसते म्हणून उचलली जाते. खरा त्रास न दिसणाऱ्या मूत्राचा. त्यातल्या युरियाचे जिवाणूंमुळे विघटन होऊन अमोनिया तयार होतो आणि तो गादीतूनच वर येत असल्याने जमिनीलगत सर्वांत दाट असतो. मालक दारात उभा राहून ‘वास नाही’ म्हणतो, पण घोडा चरताना आणि झोपताना नाक खालीच ठेवतो. वास बघायचा तर उकिडवे बसून बघावा.

या पट्ट्याची अडचण पावसाळ्यात एकवटते. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खाडीची दमट हवा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता सहसा ८० टक्क्यांच्या वर. भात कापला जातो ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे जुलैत वापरात येणारा पेंढा आठ-नऊ महिने जुना असतो. भरीस भर म्हणजे आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नसराई बंद. वरातीची घोडी नेमकी याच चार महिन्यांत दिवसभर ठाणावर उभी असते. हवा ओली, पेंढा जुना आणि घोडी घरात, असे तिन्ही एकाच वेळी येते. ‘भाकरी का करपली, पान का कुजले, घोडा का अडला?’ या जुन्या कोड्याचे उत्तर एकच: न फिरवल्यामुळे. त्यात गादीचीही भर घालायला हरकत नाही.

सफाईची नेहमीची रीत अशी. घोडा बाहेर बांधायचा, दाताळ्याने लीद उचलायची, कोरडा पेंढा भिंतीकडे सारायचा आणि मधला ओला पट्टा घमेल्यांनी काढून टाकायचा. मग जमीन उघडी ठेवून वारा लागू द्यायचा. ही शेवटची पायरी घाईत हमखास गाळली जाते. जमिनीचा उतार नाल्याकडे असेल तर काम निम्मे होते. थर साधारण सहा इंचांचा असावा. त्याहून पातळ थरातून खूर जमिनीला लागतात. कुक्कुटपालनातल्या ‘गादी पद्धती’सारखी वर-वर नवा थर टाकत जाण्याची रीत कोरड्या मुलखात चालते. इथे पावसाळ्यात ती टाळलेली बरी. खालचा थर कुजतो, आणि लीद-मूत्राने भिजलेला पेंढा चावऱ्या माशीला अंडी घालायला फार आवडतो.

चुन्याबद्दल एक गैरसमज पक्का रुजला आहे. धुऊन वाळलेल्या जमिनीवर चुना ठीक, तो जंतू कमी करतो. ओल्या गादीवर भुरभुरला तर मात्र अल्कता वाढून अमोनिया अधिकच सुटतो. घोड्याच्या मालकाला वाटते आपण वास मारला.

भाताचा पेंढा इथे सहज मिळतो, पण बुरशी धरलेला असेल तर झटकताना पांढरी धूळ उडते. ती घोड्याच्या फुप्फुसात गेली की खोकला व दमा. शिवाय भुकेला घोडा गादीच खातो आणि कोरड्या पेंढ्याने आतडे तुंबून पोटशूळ होऊ शकतो. भुशाला हे भय कमी. मात्र फर्निचरच्या कारखान्यातला भुसा घेताना त्यात प्लायवूडचा डिंक आणि खिळे नाहीत ना, हे पाहावे लागते. सतत ओल्यात उभ्या घोड्याच्या खुराच्या तळव्याचा मऊ त्रिकोणी भाग सडतो, काळपट आणि घाण वासाचा होतो.

आगीची धास्ती जुनीच. शिवाजी महाराजांच्या चिपळूणच्या छावणीला लिहिलेल्या, १६७४ सालच्या मानल्या जाणाऱ्या पत्रात दिवे तेवत ठेवू नका, उंदीर पेटती वात नेईल आणि गवत जळून घोडी जातील, अशी ताकीद आहे. आज वात गेली, उंदीर आहेतच. सांडलेल्या दाण्यासाठी ते गादीत शिरतात, आणि पावसाळ्यात त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरतात. माणसांना होणारा हा आजार घोड्यांनाही होतो, त्यांच्या डोळ्यांवरही येतो.

काढलेल्या गादीचे काय, हा शहरी तबेल्याचा रोजचा प्रश्न. ढीग नीट रचला तर आत ५५ ते ६५ अंशांपर्यंत उष्णता चढते, तणांचे बी व जंतांची अंडी मरतात आणि पेंढ्याचे खत काही महिन्यांत तयार होते. भुशाचे फार रेंगाळते. कच्चे कुंडीत घातले तर मातीतला नत्र ओढून घेऊन रोपे पिवळी पाडते.