क्रो पॅट्रिक: पॅट्रिकच्याही आधीचा डोंगर

पश्चिम आयर्लंडच्या मेयो काउंटीत, क्लू उपसागराच्या काठावर क्रो पॅट्रिक उभा आहे. उंची 764 मीटर, म्हणजे फार नाही. पण चढ जवळजवळ समुद्रसपाटीपासूनच सुरू होतो. नावातलं 'क्रो' हे आयरिश भाषेतलं 'क्रुआख', म्हणजे रास, गंजी. आसपासचे लोक त्याला नुसतं 'द रीक' म्हणतात, त्याचाही अर्थ गंजीच, आणि लांबून पाहिलं की तो पटतो. माथ्याचा शंकू क्वार्टझाइटचा. शेवटच्या टप्प्यात सुट्या दगडांचा निव्वळ घसारा: एक पाऊल वर टाकावं, तर अर्धं खाली येतं.

आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म पसरवणाऱ्या संत पॅट्रिकनं 441 साली इथे चाळीस दिवस उपास केला, अशी श्रद्धा आहे. त्यानं आयर्लंडमधले साप इथूनच हाकलले, ही कथा सर्वांना ठाऊक. पण हिमयुगानंतर त्या बेटावर साप पोहोचलेच नव्हते. मला जुनी कथा जास्त भावते. 7व्या शतकात पॅट्रिकचा चरित्रकार तिरेखान लिहितो, की पक्ष्यांनी पॅट्रिकला इतकं घेरलं की आकाश, जमीन, समुद्र काहीच दिसेना. पुढे लोककथेत हे पक्षी भुतं झाले, आणि संतानं त्यांच्यावर घंटा भिरकावली.

या डोंगरावरची यात्रा मात्र पॅट्रिकहून जुनी असावी. ती भरते जुलैच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे ख्रिस्ती धर्म येण्याआधीच्या काळातल्या लूनासा या सुगीच्या सणाच्या तोंडावर. डोंगराचं जुनं नाव क्रुआखान आयगल, त्यात पॅट्रिक कुठेच नाही. 1990च्या दशकातल्या उत्खननात माथ्याभोवती जुन्या कोटाच्या खुणा आणि 5व्या ते 9व्या शतकांदरम्यानच्या एका छोट्या दगडी प्रार्थनागृहाचे अवशेष सापडले.

वाट कधीच सोपी नव्हती. 1113 साली पॅट्रिकच्या सणाच्या रात्री माथ्यावर वीज कोसळून उपास करणारे तीस जण दगावले, अशी बखरींत नोंद आहे. तरी लोक येत राहिले, अनेक जण आजही अनवाणी. माथ्यावरच्या चॅपेलला पंधरा प्रदक्षिणा घालतात. हे चॅपेल 1905चं.

1980च्या दशकात डोंगरात सोन्याची शीर सापडली. स्थानिकांनी कडाडून विरोध केला आणि खाण झालीच नाही. डोंगर झिजला तो पायांनी: वाट इतकी रुंद उकरली गेली, की अलीकडे दगड हातानं बसवून ती बांधून काढावी लागली.